पूजेच्या आधी टेप

शाळेतल्या पोरींची डोकी ज्या गळ्यांतून जात नव्हती ते कुर्ते गोण्यांत भरून परत आले, आणि त्याच दिवशी मला मशीनवरून उठवून धाग्यांच्या बाकावर बसवण्यात आलं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे काही झालं ते त्या बाकावरच्या रागातून झालं. मला राग पटकन येतो आणि आला की लवकर जात नाही. सासरी यावर बरंच बोलून झालं आहे, त्यामुळे इथे लपवण्यासारखं काही उरलेलं नाही.

आमचं शिलाईचं युनिट शेलूबाजारला, हायवेला लागून. पत्र्याची शेड, आधी तिथे सोयाबीनची पोती ठेवायचे. मशीन आली, ट्यूबलाइट लागल्या, पण पावसाळ्यात कोपऱ्यातून सोयाबीनचा वास अजून येतो. शाळांचे गणवेश आणि दवाखान्यांचे कपडे आम्ही शिवायचो. मी आसेगावहून काळीपिवळी जीपने यायचे, माझ्यासोबत लाइनीतल्या आणखी काही बायका. लाइन म्हणजे ओळीने लावलेली मशीन. एकीने खांदे जोडायचे, पुढचीने बाह्या लावायच्या, तिच्या पुढचीने बाजू मारायच्या. माझ्याकडे गळ्याची पट्टी होती. गळा हे नाजूक काम असतं, जरा ओढलं की पट्टी वळते, आणि माझी पट्टी कधी वळायची नाही. याचा मला तोरा होता आणि तो मी लपवतही नव्हते.

गोण्या आल्या त्या दिवशी मालक, ज्याला आम्ही सगळ्या शेठ म्हणायचो, एक कुर्ता उचलून लाइनीच्या मधोमध उभा राहिला.

"हा गळा कोनाचा हाय?"

सगळ्यांची मशीन थांबली. गळा कोणाचा हे त्याला माहीत होतं. तरीही त्याला ते कोणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं, आणि मागून कोणीतरी माझ्याकडे बोट केलंच.

"शेठ, म्या खुणेवर शिवला," मी म्हणाले. "कापडावर जशी खूण होती तशी पट्टी लावली. खूणच लहान असंन तं मी काय करू?"

खुणा कटिंग मास्तर करायचा. तो आपल्या टेबलामागे उभा राहून गळ्यातला टेप चाचपत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही आणि शेठकडेही पाहिलं नाही. शेठला मास्तर सहज मिळाला नव्हता, अकोल्याहून मिनतवारीने आणला होता. बाया मात्र रोज दारात येऊन काम विचारून जात होत्या. खापर कोणाच्या डोक्यावर फुटणार हे त्या शेडमधल्या उंदरालाही कळलं असतं.

त्या सगळ्या कुर्त्यांना मग मागून काप दिला, बटण लावलं, आणि ते पुन्हा पाठवले. आणि मी धाग्यांच्या बाकावर. शिवून झालेल्या कपड्याचे लोंबणारे धागे छोट्या कात्रीने कापायचे, एवढंच तिथलं काम. ज्यांना अजून मशीन येत नाही अशा नव्या पोरींना तिथे बसवतात. मी त्यांच्यात बसले. पोरी मला ताई म्हणायच्या आणि माझ्याकडे अशा बघायच्या की मला त्यांच्या हातातली कात्री हिसकावून घ्यावीशी वाटायची.

आता आमच्या लाइनीतली एक रीत सांगायला हवी, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

नवी ऑर्डर सुरू झाली की तिचा पहिला पीस पूर्ण शिवून व्हायचा आणि लाइन थांबायची. लाइनीतली सगळ्यात थोरली बाई, जिला आम्ही सगळ्या काकू म्हणतो, घरून आणलेली छोटी ताटली काढायची. त्या पीसच्या दुमडीवर आतल्या बाजूने हळदीकुंकवाचं बोट लावायची, म्हणजे बाहेरून डाग दिसत नाही. उदबत्ती ओवाळायची. मग तो पीस हँगरला अडकवून सगळ्यांना दिसेल असा समोरच्या खिळ्याला टांगायचा आणि खडीसाखर वाटायची. ऑर्डर संपेपर्यंत त्याला कोणी हात लावायचा नाही. टेप तर मुळीच नाही, पूजेच्या वस्तूला कोणी मोजतं का? शिवताना शंका आली की मान वर करून त्याच्याकडे बघायचं आणि तसंच शिवायचं.

आमचं घर बौद्ध. हळदीकुंकू आमच्यात नाही. पण ती खडीसाखर मी कायम आनंदाने खाल्ली आणि कधीकधी दुसऱ्यांदाही हात पुढे केला. काकूंनी मला कधी वगळलं नाही हेही खरं आहे. लाइन थांबायची, सगळ्या हसायच्या, कोणाच्या घरी काय चाललंय ते कळायचं. दिवसभरात तेवढाच विसावा. शेठलाही ते चालायचं, कारण साखर खाऊन बाया जोमात कामाला लागायच्या.

त्या कुर्त्याचाही पहिला पीस असाच टांगलेला होता. हँगरवर त्याचा गळा फार सुरेख दिसायचा. हँगरला डोकं नसतं, हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

मी धागे कापत होते त्या दिवसांत माल घेणाऱ्या कंपनीने शेठकडे मागणी लावली की तुमच्याकडे प्रशिक्षण घेतलेला, प्रमाणपत्र असलेला चेकर पाहिजे, नाहीतर पुढची ऑर्डर विसरा. कुर्त्यांनी त्यांच्याही नाकाला मिरच्या झोंबल्या असणार. वाशिमला शिलाईच्या गुणवत्तेचं प्रशिक्षण सुरू होणार होतं, शेवटी परीक्षा आणि मग प्रमाणपत्र. शेठने आधी कटिंग मास्तरला विचारलं. मास्तर म्हणाला, या वयात आता मी बाकावर बसू का? लाइनीतल्या बायकांना विचारलं तर प्रत्येकीला काही ना काही होतं. तुरीची सवंगणी, म्हणजे कापणी होती, पोराचे पेपर होते, सासू आजारी होती. मी धाग्यांच्या ढिगामागून हात वर केला.

शेठ हसला. "धागे कापायले सर्टिफिकेट लागते काय व?"

"धागे कापायले नाई लागत," मी म्हणाले. "मले कायम धागे कापायचे नाईत."

माझ्यामागे पोरी खुसखुसल्या. शेठला दुसरं कोणी मिळत नव्हतं म्हणून शेवटी त्याने मान हलवली. "जाय. पन मले कागद पायजे. थो घेऊन ये, बस."

तो माझ्याकडे कागद मागत होता. मला त्याच्याकडून टेबल हवं होतं. शेडच्या दाराजवळ, जिथे उजेड चांगला पडतो, तिथे चेकरचं एक मोठं टेबल होतं. त्यावर कोणी बसत नसे. बांधलेले गठ्ठे, डबे, शेठचं हेल्मेट असं सगळं त्याच्यावर पडलेलं असायचं. चेकरचा पगार जास्त असतो हे खरं, पण मला आधी हे हवं होतं की त्या शेडमध्ये कोणत्याही मालाकडे बघून 'हे बरोबर आहे' किंवा 'हे चूक आहे' असं म्हणण्याचा हक्क माझा असावा. पुन्हा कोणी माझ्याकडे बोट करायच्या आत मोजलेलं असावं, आणि ते मी मोजलेलं असावं.

नवरा म्हणाला, "एवढी शिकून कोठी कलेक्टर होशीन?" मी म्हणाले, "कलेक्टरले गळा तपासता येत नाई." तो हसला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला एसटीपर्यंत गाडीवर सोडायला आला. माझा नवरा बोलतो एक आणि करतो दुसरं, आणि त्याचं करणं बहुतेक वेळा चांगलं असतं.

वाशिमच्या त्या वर्गात बऱ्याच गावांहून बाया आल्या होत्या. आम्हाला शिकवणारी मॅडम तरुण होती, बारीक आवाजाची, पण ढिलाई तिला अजिबात खपत नसे. कपडा टेबलावर कसा सपाट पसरायचा, टेप न ओढता कसा ठेवायचा, शिवण दोन्ही हातांनी ताणून टाके धरतात की सुटतात हे कसं पाहायचं, इंचात टाके किती असावेत, सगळं तिने हातात कपडा देऊन करून घेतलं. कोणता दोष चालवून घ्यायचा, कोणता परत पाठवायचा आणि कोणता दिसला की सगळी लाइन थांबवायची, तेही शिकवलं. दोष जिथे असेल तिथे लाल बाणाचा स्टिकर लावायचा. आमच्याकडे दोष दिसला तर बाया गुपचूप एकमेकींना उसवून द्यायच्या, नाव निघू नये म्हणून. मॅडम म्हणाली, "दोष लपवला की तो उद्या पुन्हा होतो. बाण माणसाला लावायचा नसतो, शिवणीला लावायचा असतो." मी हे ऐकलं आणि मनात म्हणाले, तुम्ही आमच्या शेठला भेटला नाहीत.

एका दुपारी तिने विचारलं, "तुमच्याकडे नव्या ऑर्डरचा पहिला पीस कोण तपासतं?"

मी उत्साहाने हात वर केला. "आमच्याकडे त्याची पूजा करतात."

वर्ग हसला. मॅडम हसली नाही. "छान आहे. पूजेच्या आधी तपासता की नंतर?"

"तपासतच नाही," मी म्हणाले, आणि म्हणता म्हणता माझ्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. मग मॅडमने जे सांगितलं ते मला आता कोणी सांगायची गरज नव्हती. पहिला पीस सगळ्या मापांनी मोजायचा, अंगात घालून बघायचा, बरोबर असेल तरच त्यावर सही करायची आणि तरच लाइन पुढे चालवायची. तो चुकला तर त्याच्यासारखे सगळे चुकतात. आमच्या शेडमध्ये तो चुकलेला कुर्ता खिळ्यावर टांगून आम्ही सगळ्या त्याच्याकडे बघून शिवत होतो, आणि मोजायचं मात्र कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. मास्तरने गळ्याला शिलाईची जागा सोडली नव्हती. एक टेप, एक पोरगी, आणि एका सकाळी ते कळलं असतं. त्याऐवजी मी धागे कापत बसले होते. एसटीत परत येताना मी खिडकीशी बसून रडले, आणि बाजूच्या बाईने विचारलं तर सांगितलं की डोळ्यात धूळ गेली.

हे मी काकूंना सांगायला हवं असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, पण बाजारासाठी शेलूबाजारला जाताना काळीपिवळीत त्या भेटल्या. मी सगळं सांगितलं. माझं सांगणं कदाचित जरा जोरात झालं असेल, गाडीत सगळे ऐकत होते.

"म्हंजे माह्या हातानं नाट लागली म्हनतेस?" काकू म्हणाल्या.

"नाट कायची काकू? तुमी पूजा करा न. फकस्त आधी मोजू."

"आमी आजवर मोजून पूजा नाई केली," त्या म्हणाल्या आणि तोंड फिरवून बाहेर बघू लागल्या.  उतरताना त्यांनी माझी पिशवी मला न देता सीटवरच ठेवली. एरवी त्या नेहमी हातात द्यायच्या.

परीक्षेचा एक भाग वाशिमला संगणकावर झाला. दुसरा भाग आपल्याच युनिटमध्ये, चालू कामावर होता. बाहेरून एक परीक्षक साहेब यायचे आणि आम्ही काम करताना ते बघायचे. माझ्या नशिबाने म्हणा किंवा शेठच्या घाईने म्हणा, ते आले त्याच सकाळी शाळेच्या अर्ध्या बाह्यांच्या शर्टांची नवी ऑर्डर सुरू झाली. पहिला पीस शिवून झाला. लाइन थांबली. काकूंनी ताटली काढली. परीक्षक प्लास्टिकच्या खुर्चीत बसून मांडीवरच्या फळीला कागद लावून बघत होते, आणि शेठ त्यांच्यासाठी चहा सांगायला दाराकडे गेला होता.

मी मशीनच्या रांगेतून पुढे गेले. "काकू, थांबा जरा. आधी थो पीस मले द्या."

काकूंचं बोट कुंकवात होतं. "कायले?"

"मोजायचा हाय."

"पूजा झाल्यावर घेजो."

"पूजा झाल्यावर तुमी हात लावू देत नाई."

 शेठ दारातून परत फिरला आणि मला डोळ्यांनीच गप्प बसवायचा प्रयत्न केला.  मग काकू म्हणाल्या:

"तुमच्यात नाई नं हे. म्हनून तुले कदर नाई."

इतक्या वर्षांत काकूंनी हे कधी म्हटलं नव्हतं. एकाच जीपमध्ये, एकाच डब्यातली भाजी खाऊन. मला वाईट वाटलं की राग आला, हे मला त्या क्षणी कळलं नाही, पण तोंडातून जे निघालं ते रागाचं होतं.

"आमच्यात नाई, हे खरं हाय. पन साखर म्या खाल्ली काकू, तुमच्याच हातानं. अन कुर्त्याचा गळा चुकला तवा बोल देवाले नाई लागला. मास्तरले नाई लागला. मले लागला. तवा कोनी माह्या बाजूनं बोललं नाई. आज मी मोजल्याशिवाय हा पीस खिळ्यावर चढनार नाई. तुमाले पूजा करायची तं मोजल्यावर करा, मी सोता उदबत्ती लावतो."

पीस त्यांच्या हातातून मी ओढला नाही. हात पुढे करून उभी राहिले.  शेवटी काकूंनी तो शर्ट मशीनवर टाकला, माझ्या हातात नाही, मशीनवर. मी तो उचलला आणि चेकरच्या टेबलाकडे गेले. टेबलावरचे गठ्ठे मी खाली ठेवले. शेठचं हेल्मेट पण खाली ठेवलं.

मग मी मोजला. कॉलर, खांदा, छाती, लांबी, बाही, खिशाची जागा. सगळ्या शिवणी ताणून पाहिल्या, बटणं ओढून पाहिली, काजं मोजली, आतून उलटा करून पाहिला. सगळी शेड माझ्या पाठीकडे बघत होती हे मला पाठीनेच कळत होतं.

शर्ट बरोबर होता. एकाही ठिकाणी चूक नव्हती.

कोणीतरी फिसकन हसलं. शेठ मोठ्यांदा म्हणाला, "झालं समाधान? एवढं महाभारत करून काय भेटलं?" आणि परीक्षक साहेबांनीही तेच विचारलं, फक्त सभ्य भाषेत: "काही आढळलं का?"

"नाही साहेब. बरोबर आहे."

"मग वेळ गेला म्हणायचा?"

"नाही," मी म्हणाले. "मघाशी सगळ्यांना नुसतं वाटत होतं की बरोबर आहे. आता माहीत आहे."

त्यांनी काहीतरी लिहिलं. मी शर्टाच्या चिठ्ठीवर सही केली आणि तो दोन्ही हातांनी काकूंपुढे धरला. "घ्या, करा पूजा." काकूंनी तो घेतला नाही. ताटली पदराने झाकून पिशवीत ठेवली आणि मशीनवर बसल्या. शर्ट मीच खिळ्यावर टांगला. त्या ऑर्डरला साखर वाटली गेली नाही.

त्यानंतरचे दिवस वाईट होते, ते गोड करून सांगण्यात अर्थ नाही. जीपमध्ये माझ्या बाजूला कोणी बसेना. डबा एकटीने खायचा. माझ्यामागे लाइनीत कोणी मला टेपवाली म्हणायचं, आणि ते मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने म्हणायचं. नवरा म्हणाला, जाऊन माफी माग, विषय संपव. मी म्हणाले, "मोजल्याची माफी मी मागनार नाई. बोलल्याची मागीन, पन आधी काकूनं मागावी, त्या आधी बोलल्या." तो म्हणाला, मग बस दोघी फुगून. आम्ही बसलो.

प्रमाणपत्र आलं. मी पास झाले होते. जाड कागद, माझं नाव, माझा फोटो. फोटोत मी रागावलेली दिसते, पण मी फोटोत नेहमीच तशी दिसते. मी ते घरी न्यायच्या आत शेठने मागून घेतलं, मोठी काचेची फ्रेम केली, आणि ऑफिसात देवाच्या तसबिरीशेजारी टांगली. टांगण्याआधी काचेवर कुंकवाचं बोट लावलं. मी धाग्यांच्या बाकावरून ऑफिसच्या काचेतून ते सगळं बघत होते. मनात म्हटलं, घ्या, आता माझीही पूजा झाली. आता मलाही कोणी हात लावणार नाही आणि मीही कशाला हात लावायचा नाही.

तसंच झालं. ऑफिसात कोणी आलं की शेठ फ्रेमकडे बोट दाखवायचा, आमच्याकडे सर्टिफाइड चेकर हाय. चेकरच्या टेबलावर पुन्हा गठ्ठे आले. मी धागेच कापत होते. एकदा विचारलं तर म्हणाला, "पाहू न. सीझन होऊ दे." दुसऱ्यांदा विचारलं तर म्हणाला, "कागद हाय न आपल्याजोळ, मंग घाई कायची?"

शर्टांचा माल तयार झाला तेव्हा माल घेणाऱ्या कंपनीचा माणूस आला. ट्रक हायवेवरून आत घेऊन दारात लावलेला. खोकी चिकटपट्टी लावून रचलेली. ऑफिसात चहा झाला, फ्रेम दाखवून झाली, आणि मग त्या माणसाने तपासणीचा कागद काढला. त्यावर चेकरची सही लागत होती. शेठ दारात येऊन माझ्याकडे बघून ओरडला, "ये व इकडं. सही कर इथी."

मी कात्री ठेवून आत गेले. त्याने पेन पुढे केला. बोट ठेवून जागा दाखवली.

"मी हा माल तपासला नाही," मी म्हणाले.

त्या माणसाने मान वर केली. शेठ हसत सुटला. "पहिला पीस तपासला न तिनं. तिच्यामुळंच तं पूजा राह्यली साहेब!"

"पहिला तपासला. खोक्यात काय गेलं ते मले कसं ठाऊक? खोकी भरली तवा मी तठी होतो का? मी धागे कापत होतो."

"अवं, ट्रक उभा हाय." आता तो हसत नव्हता. आवाज खाली आणून म्हणाला, "सही कर. बाकी आपन मंग पाहू. नाई तं उद्यापासून येऊ नको."

मी घाबरले होते, हे कबूल करते. घरी काय सांगणार, आसेगावात दुसरं काम कुठे, हे सगळं डोक्यातून गेलं. पण त्या गळ्याचा बोल मी माझी चूक नसताना खाल्ला होता, आणि आता न पाहिलेल्या मालावर स्वतःच्या हाताने सही करून पुढचा बोल आधीच विकत घ्यायचा? मी पेन घेतला नाही. भिंतीकडे गेले आणि फ्रेम खिळ्यावरून काढली.

"काय करून राह्यली?"

"तुमी येऊ नको म्हनलं न. मंग हे माहं हाय, मी घेऊन जातो. यावर माहं नाव हाय, माहा फोटू हाय."

फ्रेम चांगली जड होती. ती छातीशी धरून मी ऑफिसच्या दारात उभी राहिले. कंपनीचा माणूस माझ्याकडे बघत होता, मग फोटोकडे, मग पुन्हा माझ्याकडे. तो शेठला शांतपणे म्हणाला, "ह्या चेकर आहेत ना? मग ह्या धागे का कापतात?"

शेठने काही उत्तर दिलं, सीझन, माणसांची कमी, असं काहीबाही. तो माणूस म्हणाला की सही त्यांचीच लागेल आणि त्या बघतील तेव्हाच लागेल. शेठच्या चेहऱ्याचा रंग उतरला. त्याने लाइनीकडे पाहिलं, जणू तिथून कोणी त्याला वाचवणार होतं. "समजवा न हिले कोनी," तो म्हणाला.

लाइनीतून काकूंचा आवाज आला. मान वर न करता, मशीन चालू ठेवून.

"पायते म्हनते तं पाहू द्या न. अन पायतेस तं लवकर पाय व. आमची जीप जाते."

एवढंच. माफी नाही, गोड शब्द नाही. पण कित्येक दिवसांनी त्या माझ्याशी बोलल्या होत्या, आणि मी फ्रेम भिंतीला टेकवून घाईने खोक्यांकडे वळले.

मी मधली, खालची, मागची अशी निवडून खोकी फोडली, वरचीच नाहीत. गठ्ठे बाजूला सरकवून शर्ट टेबलावर पसरले, उजेडात. बहुतेक माल चांगला होता, आमच्या बाया चांगल्या शिवतात. एका खोक्यातल्या शर्टांची बटणं मात्र ओढली की हातात येत होती, धाग्याला गाठच नव्हती. मी बटणांपाशी लाल बाण लावले आणि ते खोकं लाइनीकडे परत पाठवलं. बटणं कोणाकडे होती ते सगळ्यांना माहीत होतं. मी नाव घेतलं नाही आणि शेठने विचारलं तेव्हाही सांगितलं नाही. "शिवणीचं पाहा," मी म्हणाले, "मानसाचं नको." बाया बटणं पक्की करत बसल्या, बडबडत, मला शिव्या घालत, आणि मी एकेक शर्ट परत घेऊन ओढून बघत राहिले. ड्रायव्हर ट्रकच्या सावलीत झोपला. शेठ सारखा दारात येऊन रस्त्याकडे बघत होता. मी घाई केली नाही. सगळं झाल्यावर सही केली, आणि ती सही माझी होती.

जीप गेली होती. नवरा घ्यायला आला, त्याने हातातली फ्रेम पाहिली आणि काही विचारलं नाही. वाटेत फक्त एवढंच म्हणाला, "काच फुटली नाई न?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडमध्ये शिरले आणि धाग्यांच्या बाकाकडे वळले नाही. सरळ दाराजवळच्या टेबलापाशी गेले, त्यावरचे गठ्ठे खाली उतरवले, हेल्मेट उतरवलं, फडक्याने टेबल पुसलं आणि टेप गळ्यात घालून बसले. शेठ आला, त्याने पाहिलं, ऑफिसात गेला. मला 'बस' असं कोणी म्हटलं नव्हतं. 'ऊठ' म्हणायची मात्र कोणाची हिंमत झाली नाही.